थांबलेला वेग जातो कुठे?

मुलांनो, वेगवान गाडी दिसली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "ताशी किती किलोमीटर पळते?" माझा धाकटा भाऊ मोटार मेकॅनिक आहे. त्याला कुणी असं विचारलं की तो उलट विचारतो, "आणि थांबते किती अंतरात?" लोक हसतात. त्यांना वाटतं, हा गंमत करतोय. पण तो गंमत करत नाही. पळणाऱ्या गाडीचा वेग काही क्षणांत काढून घेणं हे फार अवघड काम आहे. ते कसं होतं आणि कधी होत नाही, हे मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अगदी जवळून पाहिलं. तेच आज तुम्हाला सांगते.

त्याआधी आमच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे आमचे वडील. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. चिपळूणहून कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. त्या घाटातून त्यांनी किती वेळा गाडी नेली-आणली, याची मोजदाद नाही. आमचं आजोळ कऱ्हाडकडे. सुट्टीत कधीकधी आम्ही दोघं भावंडं अण्णांच्याच गाडीनं मामाकडे जायचो. जाताना घाट चढायचा, येताना उतरायचा. उतरताना एखादा मालाचा ट्रक कडेला उभा दिसे. त्याच्या चाकांतून धूर येत असे आणि जळक्या रबरासारखा, नाकात झोंबणारा एक वास सगळ्या वळणावर भरून राहिलेला असे. अण्णा म्हणत, "लायनर तापले बघ त्याचे. घाईत उतरला असणार."

अण्णांचा नियम ठरलेला होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. म्हणजे गाडीला इंजिनच धरून ठेवतं आणि ब्रेकवर सगळा भार येत नाही. "ब्रेक म्हणजे गाठीचा पैसा," ते सांगायचे. "वरच्या वळणालाच सगळा उधळलास, तर खालच्या वळणाला काय देशील?"

धाकट्यानं आयटीआय केलं, तेव्हा त्यानं एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागावं, ही अण्णांची इच्छा होती. तो गेला चेन्नईला. तिथं एका गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कारचं काम होतं. अण्णांना ते मुळीच रुचलं नाही. "रिकामटेकड्या लोकांच्या गाड्या जोरात पळवायच्या, हे काय काम झालं? आम्ही आयुष्यभर गाडी सांभाळून चालवली, आणि हा..." असं म्हणून ते गप्प बसत. धाकट्याचा फोन आला की "बरा आहेस ना? जेवलास ना?" एवढंच विचारत आणि फोन माझ्याकडे देत. दोन वर्षं हेच चाललं होतं. कामाबद्दल चकार शब्द नाही.

गेल्या मे महिन्यात मी महिनाभर धाकट्याकडे राहायला गेले. गेल्या गेल्याच तो म्हणाला, "ताई, रविवारी पहाटे लवकर ऊठ. तुला ट्रॅक दाखवतो."

चेन्नईपासून साधारण ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं ठिकाण आहे. (हे नाव मला नीट म्हणता यायला दोन दिवस लागले!) तिथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं बांधलेला शर्यतींचा ट्रॅक आहे. तो १९९० साली सुरू झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आणि वळणं बारा. शर्यती नसतात तेव्हा काही दिवशी हौशी लोक पैसे भरून आपापल्या गाड्या तिथं चालवू शकतात. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही. डोक्यावर हेल्मेट हवं, पट्टा हवा, आणि झेंडा दाखवणाऱ्यांचं निमूटपणे ऐकायला हवं. वेगाची हौस भागवायची तर ती इथं, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, हे तिथं सगळ्यांना पटलेलं असतं.

गाडी गॅरेजच्या मालकांची होती. दोन दारांची, बुटकी, रस्त्याला चिकटल्यासारखी दिसणारी. वजन सुमारे १२०० किलो. तिच्यावर काही काम केलं की पहिली चाचणी धाकटा घेतो. त्या दिवशीही तोच चालवत होता. मी कठड्यामागे उभी होते. एक फेरी साधारण दोन मिनिटांत होत होती. गाडी समोरून जाताना नुसता 'सूंऽऽ' असा आवाज येई आणि माझ्या छातीत धस्स होई.

सहाव्या फेरीला गाडी नेहमीच्या जागी वळली नाही. सरळ रस्ता संपला तरी ती सरळच गेली आणि कडेच्या मोकळ्या मातीत शिरली. धुळीचा लोट उठला. मला काहीच दिसेना. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर तास वाटला. मग त्या धुळीतून गाडी हळूहळू बाहेर आली आणि रांगत रांगत आमच्यापर्यंत पोचली.

धाकटा उतरला. हातमोजे काढताना त्याची बोटं थरथरत होती. "काही झालं नाही ताई," तो म्हणाला, "पेडल खाली गेलं. दोन-तीनदा पटापट दाबलं, गिअर उतरवले, मग धरली गाडीनं." मी काही बोलणार, एवढ्यात मला तो वास आला. तोच! कुंभार्ली घाटातला, कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकचा. पंधराशे रुपयांचा टायर असो की लाखांची स्पोर्ट्स कार, तापलेल्या ब्रेकचा वास एकच असतो.

संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग अण्णांनी विचारलं, "बाय, त्याला विचार, पेडल खाली गेलं, की पेडल कडक होतं आणि गाडी थांबेना?"

मी प्रश्न धाकट्याला सांगितला. त्यानं माझ्या हातून फोनच घेतला. "खाली गेलं अण्णा. अगदी बुडाशी."

"मग ऑइल उकळलं," अण्णा म्हणाले. एसटीत लागण्याआधी ते जीप चालवत. तिचे ब्रेक ऑइलवरचे होते. "लायनर हरले असते तर पेडल कडक राहिलं असतं. किती जुनं होतं ऑइल?"

आणि त्या रात्री बाप-लेक फोनवर चाळीस मिनिटं बोलले. मी मोजली!

आता ते दोघं काय बोलले, ते समजण्यासाठी आपण थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

पळणाऱ्या गाडीत गतीची ऊर्जा असते. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त रूप बदलते. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा पॅड डिस्कवर घासतात, आणि गतीच्या ऊर्जेची उष्णता होते. तळहात एकमेकांवर जोरात घासून पाहा. गरम झाले ना? ब्रेक हेच करतो. म्हणजे ब्रेक वेग 'संपवत' नाही. तो वेगाची उष्णता करतो. थांबलेला वेग चाकाच्या आत, लोखंडाच्या एका थाळीत जाऊन बसतो.

किती उष्णता? आपली १२०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटर वेगानं येते आहे आणि वळणासाठी तिला ताशी ७२ पर्यंत उतरायचं आहे. गणित केलं तर त्यातून सुमारे साडेबारा लाख ज्यूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेनं चार लिटरांहून थोडं जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. आपल्या गॅसवर एवढं पाणी तापायला किती वेळ लागतो, ते आईला विचारा. इथं ही उष्णता तयार होते साडेतीन सेकंदांत! थोडी ऊर्जा हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते, पण बहुतेक सगळी ब्रेकमध्ये. आणि असा जोराचा ब्रेक एका फेरीत तीन-चार वेळा लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ९० वरून थांबायला जेवढी उष्णता निघते, तिच्या चौपट ताशी १८० वरून थांबताना निघते. "थोडंसंच जोरात चालवतोय" असं म्हणणाऱ्या दादा-काकांना हे गणित जरूर सांगा.

आता ही उष्णता साठत गेली तर काय होतं? दोन प्रकारे घात होतो. पहिला प्रकार पॅडचा. पॅड फार तापला की त्याची पकड कमी होते. पेडल पायाखाली कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार ऑइलचा. तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत ब्रेक ऑइल पोचवतं. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणून हे जमतं. पण ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दाबली की आक्रसते. मग पाय खाली जातो आणि जोर त्या बुडबुड्यांतच जिरतो. 'डॉट ४' नावाचं ब्रेक ऑइल असतं. नवं कोरं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण या ऑइलला हवेतला ओलावा शोषून घ्यायची खोड असते. पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. चेन्नईची समुद्रकाठची दमट हवा आणि जुनं ऑइल! अण्णांनी शेकडो किलोमीटरवरून नेमकं ओळखलं होतं.

ऑइल तर बदललंच. पण धाकटा म्हणाला, "ताई, ऑइल उकळलं हे खरं, पण उकळेपर्यंत तापलं का? मूळ कारण तेच आहे. उष्णतेला बाहेर जायला वाट मिळत नाही."

हा प्रश्न जुना आहे. पूर्वीच्या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. बंद डब्यासारखा ड्रम आणि त्याच्या आत घासणारे लायनर. उष्णता डब्यातच कोंडते. शिवाय तापला की ड्रम फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. फ्रान्समध्ये ले माँ इथं चोवीस तासांची मोटारशर्यत होते. तिथल्या एका सरळ रस्त्याची लांबी तेव्हा जवळजवळ सहा किलोमीटर होती. एवढ्या लांब पळून आलेल्या गाडीला शेवटी वळणासाठी एकदम थांबायचं, आणि हे दिवस-रात्र! १९५३ साली जॅग्वार कंपनीनं आपल्या गाड्यांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवले. उघड्या थाळीला हवा लागते, म्हणून ती लवकर निवते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी त्या वर्षी ती शर्यत जिंकली, तीही ताशी १६० किलोमीटरहून जास्त सरासरी वेगानं. ले माँला एवढी सरासरी तोवर कुणीच गाठली नव्हती. ते वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक दाबू शकत होते. जे उशिरा थांबू शकतात, तेच जास्त वेळ पळू शकतात!

आज बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. धाकट्याच्या गाडीची डिस्क तर आतून पोकळ होती. म्हणजे दोन थाळ्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या पट्ट्यांच्या वाटा. पावसात भिजलेली छत्री गरगर फिरवली की पाणी काठावरून बाहेर उडतं ना? तसंच चाक फिरलं की मधली हवा काठावरून बाहेर फेकली जाते आणि मध्यातून नवी हवा आत ओढली जाते. डिस्क स्वतःच एक पंखा असते. पण चाकाच्या आत, टायरआड तिला गार हवा मिळणार कुठून? तिथली हवा आधीच तापलेली. म्हणून धाकट्यानं ठरवलं, गाडीच्या तोंडाकडून ताजी हवा थेट डिस्कच्या मध्याशी आणून सोडायची. यालाच 'ब्रेक कूलिंग डक्ट' म्हणतात.

पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी मी त्याची मदतनीस होते. बॅटरी धरायची आणि प्रश्न विचारायचे, एवढंच माझं काम.

पहिलं काम म्हणजे हवा घ्यायची जागा शोधणं. गाडीच्या नाकासमोर हवा दाबली जाते, म्हणून तोंड तिथंच हवं. पुढच्या बंपरमधले धुक्याचे दोन दिवे त्यानं काढले आणि त्या भोकांत नरसाळ्यासारखी दोन तोंडं बसवली. तिथून चाकापर्यंत ७५ मिलिमीटर व्यासाचा वाकणारा पाइप. हा पाइप साधा रबराचा चालत नाही. काचतंतूंचं कापड, त्यावर सिलिकॉनचा थर आणि आत तारेचं वेटोळं. तो उष्णता सोसतो. दुसऱ्या टोकाला, डिस्कच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक तबकडी आणि तिला पाइप जोडायला गळा.

ही तबकडी त्यानं आधी बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापली. चार वेळा कापली, चार वेळा बिघडली. पाचवी बरोबर बसली, तेव्हा कुठं पत्र्याला हात लावला. मी म्हटलं, "हवा डिस्कवर कुठंही सोडली तर नाही चालणार?" तो म्हणाला, "नाही ताई. नुसत्या एका बाजूवर सोडली तर एक बाजू गार, एक गरम. डिस्क वाकेल, नाहीतर तडकेल. मध्यात सोडली की ती आतल्या वाटांनी सगळीकडे सारखी जाते."

डक्ट फक्त पुढच्या चाकांना होता. का, सांगा पाहू? एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी कुठं झुकतात? पुढे. गाडीचाही भार तसाच पुढच्या चाकांवर येतो. म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचे ब्रेक करतात आणि जास्त तापतातही तेच.

सगळ्यात कटकटीचं काम पाइपाच्या वाटेचं. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं, वर-खाली होतं. पाइप कुठंही टायरला घासता कामा नये. घासून टायरच फाटला तर उपायच अपाय होईल. धाकट्यानं गाडी जॅकवर उचलली आणि चाक इकडून तिकडे वळवून पाहिलं. कुठंच लागत नव्हतं. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. हो, आता ते रोज संध्याकाळी आपणहून फोन करत होते! मी त्यांना फोनच्या कॅमेऱ्यातून काम दाखवलं. ते चष्मा सावरत बघत राहिले आणि म्हणाले, "जॅकवर चाक लोंबतंय रे. खाली उतरव, पुढं दोन माणसं बसव, मग वळवून बघ. आणि टायरला खडू फास."

खडू माझ्या पर्समध्ये होताच. मास्तरणीची पर्स ती! टायरला खडू फासला, दोन पोरांना पुढे बॉनेटच्या कडेवर बसवलं आणि चाक वळवलं. डाव्या पाइपावर खडूची पांढरी रेघ उमटली. म्हणजे घासत होता! पाइप दोन बोटं वर बांधला. परत खडू, परत चाक. आता पाइप स्वच्छ. "अण्णा, जमलं," धाकटा ओरडला. अण्णा म्हणाले, "घट्ट बांध. आणि जेवून घ्या." पण आवाजात हसू होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा ट्रॅक डे होता. 'डक्ट बसवला, आता भागलं' असं धाकट्यानं मानलं नाही. पुरावा हवा ना! डिस्कच्या काठावर लावायचा एक खास रंग मिळतो. ठरावीक तापमानाला तो बदलतो. हिरवी पट्टी सुमारे ४३० अंशांना, नारंगी ५६० ला आणि लाल ६१० ला. आधीच्या वेळी तिन्ही पट्ट्या बदललेल्या निघाल्या होत्या. म्हणजे डिस्क ६१० अंशांच्या वर गेली होती. या वेळी पुन्हा तिन्ही पट्ट्या नव्यानं लावल्या. तीच गाडी, तोच चालवणारा, तसंच रणरणतं ऊन, तेवढ्याच सहा फेऱ्या.

खरं सांगते, त्या सहा फेऱ्या मी मोजत नव्हते, श्वास रोखून धरत होते. दर वेळी सरळ रस्ता संपला की माझी नजर त्या मातीच्या पट्ट्याकडे जायची. सहावी फेरी आली. गाडी आली, दबली आणि वळली. अगदी शहाण्या मुलासारखी!

मग धाकट्यानं एक फेरी अगदी हळू मारली, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. तापलेल्या डिस्कला वाऱ्यावर निवू देण्यासाठी ही फेरी असते. गाडी उभी केल्यावर त्यानं हँडब्रेकही ओढला नाही, चाकाला लाकडाची उटी लावली. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला दाबून धरू नये म्हणून. चाक काढलं. हिरवी पट्टी बदलली होती. नारंगी आणि लाल जशीच्या तशी. म्हणजे डिस्क ४३० च्या वर, पण ५६० च्या आत. आणि पेडल कडक.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मी ही सगळी हकिकत चौथीच्या वर्गात सांगितली. फळ्यावर डिस्क काढली, पाइप काढला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो एरवी फारसा बोलत नाही. म्हणाला, "बाई, आमची आई चुलीत फुंकणीनं हवा घालते, तेव्हा विस्तव वाढतो. मग ब्रेक हवेनं गार कसा होईल?"

मुलांनो, माझ्या नोकरीतला हा एक उत्तम प्रश्न! आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं. बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा निवतो. चुलीवर फुंकर घातली की विस्तव वाढतो. फुंकर तीच. फरक असा, की लाकूड जळत असतं आणि जळायला त्याला हवा लागते. हवा मिळाली की ते जास्त जळतं, नवी उष्णता तयार होते. चहा जळत नाही. त्याच्याजवळ आहे तेवढीच उष्णता, आणि हवा ती उचलून नेते. लोखंडाची डिस्कही जळत नसते, नुसती तापलेली असते. म्हणून हवा तिला निववते. तो मुलगा बसला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे ब्रेक चहासारखा, चुलीसारखा नाही." एवढ्या थोडक्यात मलासुद्धा सांगता आलं नसतं.

एक बजावून ठेवते. घरच्या गाडीला असं काही करायला जाऊ नका. रोजच्या रस्त्यावर डक्टची गरज नसते. उलट त्यातून पाणी, खडे आत जाऊ शकतात, आणि शर्यतीचे पॅड फार गार राहिले तर नीट धरतही नाहीत. म्हणून धाकट्यानं ती दोन्ही तोंडं बंद करायला झाकणं केली आहेत. रस्त्यावर झाकण बंद, ट्रॅकवर उघडं. आपल्यासाठी महत्त्वाचं ते दुसरंच. ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदललं आहे ना, हे घरी जरूर विचारा. सायकलवरून लांब उतार उतरलात, तर रिमला किंवा डिस्कला बोट लावू नका.

धाकटा गणपतीला घरी आला होता. येताना त्यानं जुनी डिस्क आणली, तडे गेलेली. अण्णांनी ती उन्हात धरून उलटसुलट पाहिली, आतल्या वाटांत बोट घालून पाहिलं. "आमच्या गाडीला असलं काही नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही नुसतं हळू उतरायचो." धाकटा म्हणाला, "अण्णा, तोच सगळ्यात चांगला डक्ट." ती डिस्क आता अण्णांच्या कपाटावर ठेवलेली असते आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ती दाखवतात.

तेव्हा मुलांनो, पुढच्या सुट्टीत एसटीनं घाट उतराल, तेव्हा नीट कान द्या. इंजिन घुमल्यासारखा आवाज करत असेल, गाडी रेंगाळत उतरत असेल, मागच्या मोटारी हॉर्न वाजवत असतील. "काका, जरा जोरात घ्या ना!" असं चुकूनही म्हणू नका. पुढे आणखी वळणं आहेत, आणि ड्रायव्हरकाका त्यांच्यासाठी ब्रेक राखून ठेवत आहेत.